नाताळच्या गव्हाचे तीन डबे

सान रोके ह्या आमच्या वाळवंटी गावात डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा; तो लागला की दुपारी दाराच्या कडीला हात लावायची सोय उरत नाही, इतकी ती तापते. आणि नेमक्या ह्याच महिन्यात लोकांना घरं सजवायचं सुचतं. कापसाचा बर्फ काय, चमकीचे कागद काय. ह्या गावात बर्फ जन्मात कुणी पाहिलेला नाही; पाऊस पाहिलेली माणसंसुद्धा मोजकीच. पण तामारुगोच्या झाडाची एक काटेरी फांदी तोडून, चुन्यानं पांढरी करून, तिला कापसाचे बोळे चिकटवून दारात उभी केली नाही, तर शेजारीण लगेच विचारणार, "घरात कुणी गेलं का गं?"

झुलेमाला ह्या सगळ्याचा कंटाळा आला होता. कंटाळा म्हणजे काय, ती शिणली होती. वय अठ्ठावन्न. गावाच्या टोकाला खाणीच्या कंत्राटी कामगारांना खोल्या भाड्यानं देणारं एक घर आहे, तिथे सकाळी सहापासून दुपारी तीनपर्यंत ती चादरी धुवायची. खाणीतून आलेल्या माणसाची चादर धुणं म्हणजे काय, ते धुतल्याशिवाय कळायचं नाही. पाणी तीनदा बदललं तरी तांबडंच. आणि तीनला घरी आली की सासू.

सासू म्हणजे तोमासा. सत्त्याऐंशी वर्षांची. सात वर्षांपूर्वी डोळे गेले, दोन वर्षांपूर्वी पाय गेले. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून खाटेवर, सगळं झुलेमानं उचलून करायचं. तोंड आणि कान मात्र शाबूत. भिंतीपलीकडे मांजरानं जांभई दिली तरी म्हातारीला कळायचं. नवरा असता तर उचलायला दोघं झाले असते. पण एरास्मो नऊ वर्षांपूर्वी गेला. डोंगराच्या वळणावर त्याचा ट्रक उलटला, आणि आईची जबाबदारी बायकोच्या गळ्यात टाकून तो मोकळा झाला. झुलेमा हे असंच म्हणायची, अगदी त्याच्या आईच्या समोर. म्हातारी म्हणायची, "लहानपणापासून तसाच होता, काम अर्धं टाकून पळायचा."

दोघींचं तसं वाईट नव्हतं. पण प्रेमानं बोलायलाही अंगात ताकद लागते, आणि ती तीन वाजेपर्यंत चादरींत जायची.

नाताळचा सगळा व्याप तोमासाचा. कोपऱ्यात बाळ येशूचा गोठा मांडायचा, गोंद आणि माती थापलेल्या कागदाचे डोंगर करायचे, आरशाचा तुकडा ठेवून तळं करायचं, मातीचे लामा, म्हणजे डोंगरातली लांब मानेची ओझ्याची जनावरं, उभे करायचे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे गहू. आठ डिसेंबरला, बाळ येशूच्या माउलीच्या सणाला, पीचच्या रिकाम्या डब्यांत माती भरून गहू पेरायचा. घरात जितकी जिवंत माणसं तितके डबे. पेरायचा घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं. चोवीस तारखेला संध्याकाळी नाचणारी मंडळी बाळाला भेटायला दारी येतात, त्याच्या आधी तिनंच एकेक डबा हातात घ्यायचा, नाव उच्चारायचं, आणि हिरवं किती बोटं आलंय ते मोजून गोठ्यापुढे ठेवायचं. जेवढं उंच, तेवढं त्या माणसाचं वर्ष चांगलं. ह्या उघड्याबोडक्या माळावर तेवढंच काय ते हिरवं दिसतं, म्हणून लोकांचा त्यावर फार जीव.

झुलेमा म्हणायची, माझा नाही असल्या गोष्टींवर विश्वास. पण एरास्मो गेला त्याच्या आदल्या नाताळात त्याच्या डब्याला बुरशी लागली होती, हे ती विसरली नव्हती. तोमासाही नव्हती. त्यावर दोघी कधी बोलल्या नाहीत.

तर त्या वर्षीच्या आठ तारखेला काय झालं, ते सांगते. सुट्टीचा दिवस. झुलेमानं म्हातारीला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. पुढ्यात मातीनं भरलेले तीन डबे ठेवले: एक तोमासाचा, एक स्वतःचा, एक मुलीचा, म्हणजे यास्नाचा. यास्ना इकीके शहरात कपड्यांच्या दुकानात असते. फळीवरून गव्हाच्या दोन्ही बरण्या काढून दिल्या. एकीत बियाण्याचा गहू. तो वरच्या डोंगरातल्या गावाहून तोमासाची भाची वर्षातून एकदा पाठवायची, जेमतेम तीन मुठी. दुसरीत सोललेला. राखेच्या पाण्यात उकळून, चोळून साल काढलेला, सूपमध्ये घालायचा. दोन्ही कशाला काढल्या म्हणाल, तर दुपारच्या सूपसाठी एक हवीच होती, आणि झुलेमाला दोनदा हात वर करायचा कंटाळा.

मग ती मागच्या अंगणात पिंप भरायला गेली. एक दिवसाआड दोन तास पाणी येतं, ते सोडून चालत नाही. कुंपणापलीकडे इर्मा, शेजारीण, स्वतःचं पिंप भरत होती.

"यंदाही सगळं मांडणार वाटतं," इर्मा म्हणाली.

"न मांडून करते काय? म्हातारी सोडते होय?"

"माझ्या सुनेनं प्लास्टिकचं झाड आणलंय. खोक्यातून काढलं, छत्रीसारखं उघडलं, झालं."

"तुझ्या सुनेला सासू धडधाकट मिळालीय. तिला छत्र्या उघडायला वेळ आहे."

इर्मा हसली. मग जरा थांबून म्हणाली, "खरंच गं, अजून किती दिवस काढशील असे? तुझी पाठ बघ, कमान झालीय."

झुलेमानं बादली खाली ठेवली. कुणी विचारलं नसतं तर ती बोललीही नसती. "यंदाचं शेवटचं असू दे, बाई," ती म्हणाली. "देवानं आता सोडवावं. तिला सोडवावं नाहीतर मला. कुणालाही सोडवावं, मी भांडणार नाही. पण आता पुरे."

पिंप स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच होतं. ती आत आली तेव्हा तोमासाचं पेरून झालं होतं. तिन्ही डब्यांवरची माती तिनं अंगठ्यानं नीट दाबून बसवली होती. बियाण्याची बरणी रिकामी.

"झालं?" झुलेमानं विचारलं.

"झालं," तोमासा म्हणाली. "हात धुवायला दे. आणि ह्यांना उन्हात ठेवू नकोस, करपतील."

पुढचे आठ दिवस सजावटीत गेले. म्हणजे झुलेमाचे गेले. चादरी धुऊन यायचं, म्हातारीला उचलायचं, भरवायचं, पुसायचं, आणि मग गोंदात माती कालवून कागदाला थापायची. दुपारच्या वाऱ्यानं खरी धूळ खिडकीतून येऊन खोट्या डोंगरावर बसायची. तिनं झटकायची सोडली. तेवढीच मेहनत वाचली. एका लामाचा पाय मोडला, त्याला ती टेकून बसलेला म्हणून खपवणार होती. तोमासानं हात फिरवून विचारलं, "हा का बसलाय?"

"दमलाय," झुलेमा म्हणाली.

"बरं, बसू दे मग."

यास्नाचा फोन आला. म्हणाली, आई, कशाला एवढं करतेस, मी पंचवीसला बसनं येते, येताना दिव्यांची माळ आणते, ती लाव आणि स्वस्थ बस. झुलेमा म्हणाली, हो. आपल्या मुलीला स्वस्थ बसणं म्हणजे काय वाटतं कोण जाणे.

बारा तारखेला यास्नाच्या डब्यात पोपटी टोकं दिसली. झुलेमाचा डबाही उगवला, आणि यंदा कसा तर फार दाट, दाण्याला दाणा चिकटून. तोमासाच्या डब्यात काही नाही. तेराला नाही. पंधराला नाही. झुलेमा रोज सकाळी कामावर निघण्याआधी मोरीतल्या सावलीत ठेवलेले डबे बघायची, आणि तिसऱ्या डब्याची काळी माती बोटानं दोन-दोनदा चाचपायची. विश्वास नव्हता ना, मग चाचपायचं कशाला? पण चाचपत होती. तिला इर्मापुढे बोललेलं आठवायचं. देवाला सांगायला जावं आणि त्यानं लगेच ऐकावं, असं ह्याआधी तिच्या आयुष्यात एकदाही झालं नव्हतं. नेमकं हेच का ऐकावं त्यानं?

सतराला तिनं चमच्यानं माती उकरली. खाली गव्हाचे पांढरे, मऊ, फुगलेले दाणे. साल नसलेले. सोललेला गहू. तो सात जन्मांत उगवायचा नाही.

ती मोरीतच खाली बसली. आधी हायसं वाटलं. म्हणजे देवाबिवाचं काही नाही, आंधळ्या म्हातारीचा हात चुकला. दोन डबे होईपर्यंत बियाणं संपलं असेल, तिसऱ्याला शेजारच्या बरणीत हात गेला. एवढंच. पण मग चोवीस तारीख डोळ्यांपुढे आली. तोमासा डबा हातात घेणार, स्वतःचं नाव उच्चारणार, आणि बोटांना माती लागणार. सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईला त्याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. ह्या गावात माणसं एवढ्यावरून अंथरूण धरतात, पाहिलंय आम्ही.

पुन्हा पेरायचं तर बियाणं नाही. दुकानात पीठ मिळतं आणि सोललेला मिळतो. अख्खा गहू डोंगराशिवाय नाही. झुलेमा बराच वेळ तीन डब्यांकडे बघत राहिली. यास्नाच्या डब्याला हात लावायचा नाही, हे तर ठरलेलंच. मुलीच्या वर्षातलं एक पातंही ती कुणाला देणार नव्हती. मग उरला स्वतःचा.

तिनं भाजीची सुरी आणली. मुळांचं जाळं झालं होतं, वडी कापावी तसं ते कापलं गेलं. बरोबर अर्धं. खालच्या मातीसकट उचलून तिनं तोमासाच्या डब्यात बसवलं, कडेनं ओली माती भरली. काढलेले फुगीर दाणे कोंबड्यांना टाकले. आपल्या डब्यातला अर्धा काळा भाग बघून तिला वाटलं, माझं अर्धं वर्ष गेलं. मग वाटलं, जाऊ दे, तेवढ्याच चादरी कमी.

कापलेली पाती दुसऱ्या दिवशी माना टाकून बसली. ह्या कोरड्या हवेत ती जगणार नव्हती. म्हणून झुलेमा तो डबा पिशवीत घालून रोज कामावर न्यायला लागली. तिथल्या धुण्याच्या खोलीत टांगलेल्या ओल्या चादरींच्या खाली ठेवायची, आणि तीनला परत आणायची. मालकिणीनं विचारलं, "पिशवीत काय गं?"

"सासूबाई," झुलेमा म्हणाली. मालकीण पुढं काही विचारायला धजली नाही.

एकोणीस तारखेला ती म्हातारीचे केस विंचरत होती. तोमासानं विचारलं, "डबे कसे आहेत?"

"छान आहेत."

"यास्नाचा?"

"चार बोटं."

"तुझा?"

"तेवढाच."

"आणि माझा?"

फणी मध्येच थांबली. "तुमचाही आलाय," झुलेमा म्हणाली.

तोमासा म्हणाली, "बरं," आणि तोंड भिंतीकडे वळवलं. त्या रात्री ती जेवली नाही. झुलेमाला वाटलं, ऊन बाधलं.

चोवीसला कामावरून दुपारीच सुट्टी मिळाली. झुलेमानं घर झाडलं, दारातली पांढरी फांदी पुसली, ओघळलेला कापूस पुन्हा चिकटवला. मोठं पातेलं भरून चॉकलेट उकळत ठेवलं. बाहेर माणूस भाजून निघतोय आणि नाचणाऱ्यांना द्यायचं काय, तर उकळतं चॉकलेट. पण तोमासाच्या घरात थंड सरबत दिलेलं तोमासाला चालत नाही. मग तिला अंघोळ घातली, काळा झगा चढवला, उचलून गोठ्याजवळच्या खुर्चीत बसवलं. पाठीत कळ आली, ती दाराला धरून जिरवली. बाळाच्या मूर्तीवर रुमाल झाकला. पहिली मंडळी आली की तो काढायचा.

ऊन उतरलं. लांब कुठेतरी ढोल वाजायला लागला होता. झुलेमानं डबे आणून म्हातारीच्या मांडीवर ठेवले.

तोमासाच्या बोटांवर ठसे नाहीत. पन्नास वर्षं तिनं राखेच्या पाण्यात गहू सोलून विकला, त्यात ते झिजून गेले. ओळखपत्राच्या कचेरीत साहेबानं तिचा अंगठा पाच वेळा दाबला आणि शेवटी नाद सोडला. त्या गुळगुळीत बोटांनी तिनं पहिला डबा चाचपला.

"यास्ना. आठ बोटं. पोरीचं वर्ष चांगलं आहे."

झुलेमानं तो गोठ्यापुढे ठेवला.

"झुलेमा," तोमासा म्हणाली, आणि तिचा हात पात्यांवरून सरकत जाऊन मधेच मातीत पडला. तिनं पुन्हा कडेपासून फिरवला. पुन्हा तेच. "हे अर्धं कुठं गेलं?"

"उंदरानं खाल्लं असेल."

"उंदीर सुरीनं कापत नाही."

झुलेमा गोठ्यातला बसलेला लामा सारखा करायला लागली.

"माझा दे," तोमासा म्हणाली.

तिच्या बोटांना हिरवं लागलं. आखूड, थोडं वाकलेलं, पण जिवंत. तिनं हात काढून घेतला. मग परत ठेवला, आणि पात्यांच्या मुळाशी बोट घालून कापलेली कड शोधून काढली.

"मी घातलेले दाणे काय केलेस?"

"कोंबड्यांना टाकले," झुलेमा म्हणाली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "आई, तुमचा हात चुकला होता. सोललेला गहू गेला तुमच्याकडून. होतं असं, त्यात काय एवढं. दिसत नाही तुम्हाला."

"माझा हात चुकला?" तोमासा म्हणाली. "मी पन्नास वर्षं गहू सोललाय, झुलेमा. झोपेत मुठीत दिलास तरी सांगेन, साल आहे की गेलीय, आणि गेली असेल तर राख कुठल्या लाकडाची होती. माझा हात चुकेल?"

ढोल जवळ येत होता. झुलेमानं एकदा डब्याकडे बघितलं, एकदा म्हातारीच्या तोंडाकडे.

"मुद्दाम घातलात," ती म्हणाली.

"खिडकी उघडी होती त्या दिवशी." तोमासाचा आवाज अगदी साधा होता. "तू इर्माला म्हणालीस ते ऐकलं. रागावले नाही मी. मलाही किती दिवस तेच वाटत होतं, बोलायला कुणी इर्मा नव्हती, एवढंच. म्हटलं, बाळापुढे आपला रिकामा डबा ठेवू. काय म्हणायचंय ते त्याला कळेल."

"आणि तुमच्या वाट्याचं बियाणं?"

"तुझ्या डब्यात घातलं. दोन मुठी. दाट आला असेल ना यंदा?"

दाण्याला दाणा चिकटून आलेला तो डबा झुलेमाच्या डोळ्यांपुढे आला. ती खाली जमिनीवर बसली, म्हातारीच्या पायाशी.

"म्हणाले होते मी तसं," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू. दमले होते. आजही दमलेय, आई, पाठ उभी धरत नाही. पण तुमचा डबा काळा दिसला ना, तेव्हा मला फार भीती वाटली."

"कशाची?"

"तीन वाजता घरी येऊन मी कुणाला उचलू?"

तोमासाचा हात चाचपडत आला आणि सुनेच्या डोक्यावर टेकला. चुन्याचे आणि गोंदाचे सुकलेले कण केसांत लागले, ते ती एकेक करून काढत राहिली.

"मी तुला माझं वर्ष दिलं," ती म्हणाली, "आणि तू बाई ते उचलून परत माझ्या अंगावर घातलंस. आता ते वर्ष मला काढावं लागणार की. आणि तुला मला ओढत न्यावं लागणार."

"लागेल."

"फणी थांबली होती तुझी, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी समजले, मला बरं वाटावं म्हणून नुसतं खोटं बोलतेय. जेवले नाही त्या दिवशी."

"मला वाटलं ऊन बाधलं."

"ऊन कसलं बाधतंय मला."

मग तिनं दोन्ही डबे झुलेमाच्या हातात दिले. "जवळ जवळ ठेव. उघडी बाजू आतल्या अंगाला येऊ दे. लोकांना कशाला दिसायला हवं."

ढोल दाराशी येऊन थांबला. रिवाज असा की मंडळीच्या म्होरक्यानं बाहेरून हाक द्यायची आणि घरातल्या वडीलधारीनं परवानगी द्यायची. मग घरच्या सुनेनं उठून रुमाल काढायचा, दार उघडायचं, प्याले भरायचे. बाहेरून हाक आली, "बाळ आहे का घरात?"

झुलेमानं उठायला हात टेकला. तोमासानं तिच्या खांद्यावर हात दाबला. त्या हातात जोर असा काहीच नव्हता, तरी झुलेमा उठली नाही.

"आहे," तोमासा दाराकडे तोंड करून म्हणाली. "या. दार ढकलून या, रुमाल तुम्हीच काढा. चॉकलेट चुलीवर आहे, ज्यानं त्यानं आपलं घ्या. आमची सून बसलीय."